पन्नास किलोमीटरच्या आत

बुलढाण्यात राहणाऱ्या ख्रिस्ती मुलीने वयाच्या तिसाव्या वर्षी डेटिंग ॲप उघडलं तर तिला काय दिसतं, ते आधी सांगून टाकते. अंतराची मर्यादा पन्नास किलोमीटर ठेवली की चिखली, मोताळा, मलकापूर एवढं जग हाती येतं. त्यात पहिला चेहरा गेल्याच आठवड्यात आमच्या लॅबमध्ये शुगर तपासून गेलेल्या माणसाचा. दुसरा धाकट्या बहिणीच्या वर्गातला. तिसऱ्याने स्वतःच्या जागी बुलेटचा फोटो लावलेला. चौथा विवाहित आहे हे मला ठाऊक असतं, कारण त्याच्या बायकोचे गरोदरपणातले सगळे रिपोर्ट मीच काढलेले असतात. वीस मिनिटांत ॲप नम्रपणे कळवतं की तुमच्या जवळपास आता कोणी उरलेलं नाही. अंतर वाढवत गेलात की छत्रपती संभाजीनगर लागतं. तिथली मुलं पहिल्याच मेसेजात विचारतात, "बुलढाणा म्हणजे नेमकं कुठे?"

ॲपवर धर्माचा रकाना असतो. तिथे ‘ख्रिश्चन’ निवडलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "गोव्याची का?" मग सांगावं लागतं की नाही, मी इथलीच, आडनाव मराठी, घरात ज्वारीची भाकरी आणि ठेचा, नाताळला केकच्या आधी करंज्या होतात आणि लग्नात हळदही लागते. एकाने यावर लिहिलं होतं, "मग तुम्ही ख्रिश्चन कशावरून?" हा प्रश्न मी पुढे बरेच दिवस विसरू शकले नाही. कारण थोड्या वेगळ्या शब्दांत तोच प्रश्न मला माझ्या घरातही विचारला जात होता.

आम्ही किती, आम्ही कोण

२०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार होती. अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं शंभरात एकाच्या आसपास, आणि त्यातली बहुतेक मुंबई, वसई, पुणे, अहिल्यानगर या बाजूला. आमच्या जिल्ह्यात शंभरात एकसुद्धा भरत नाही. त्यातून लग्नाच्या वयाची मुलं वेगळी काढा. मग नात्यातली वगळा, ज्यांना आपण रविवारच्या शाळेत नाक पुसताना पाहिलंय ती वगळा, आणि नोकरीसाठी पुण्याला जाऊन तिकडेच जमवून बसलेली वगळा. उरतात त्यांची नावं आमच्या आईच्या वहीच्या एका पानावर बसतात. ते पान मी पाहिलंय. सहा नावं होती, त्यांतल्या चारांवर काट मारलेली.

वऱ्हाडात आमची माणसं ख्रिस्ती झाली ती प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला. ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’चं काम तेव्हा या भागात सुरू झालं होतं, पुढे बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन मिशन आलं. मधे १८९९-१९०० चा छपन्न्या दुष्काळ पडला. माणसं पाल्याचा झाड खाऊन जगत होती आणि मिशनांनी अनाथ मुलामुलींना आसरा दिला. माझी पणजी अशाच एका आश्रमात वाढली, असं घरात सांगतात. तिचं लग्नही तिथेच ठरलं. मुलगा आश्रमातला, मुलगी आश्रमातली, ठरवणारी मडमबाई. आजी हे सांगताना हसायची. "तिले कोनं इचारलं व्हतं? घंटा वाजली का जेवन, घंटा वाजली का लगन."

आजीचं लग्न तिच्या वडिलांनी ठरवलं, आईचं तिच्या मामाने. तेव्हा स्वतःचं स्वतः ठरवायला निघालेली घरातली पहिली बाई मी. हे वाक्य मोठं वाटतं, पण त्यामागे बंड वगैरे काही नाही. मी फक्त तिशीला आले आणि वहीतली नावं संपली.

बायोडाटा

आमच्यातलं स्थळांचं काम तीन ठिकाणी चालतं. लग्नात, मयतीत आणि तरुणांच्या शिबिरात. आता चौथं ठिकाण व्हॉट्सॲपचं. तिथे बायोडाटा फिरतात. बाकीच्यांच्या बायोडाट्यात रास, नाडी, गण असतात. आमच्यात त्याजागी बाप्तिस्मा घेतल्याचं वर्ष, मंडळीचं नाव, गायनाची आवड आणि ‘प्रार्थनाशील कुटुंब’. बाकी सगळं सारखंच. उंची, रंग, पगार, पुण्यात फ्लॅट. ‘गोरी, प्रभूच्या भयात वाढलेली’ असं एकाच ओळीत लिहिलेलं मी पाहिलंय. प्रभूच्या भयाचा आणि गोरेपणाचा संबंध काय, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

जातीचा रकाना मात्र नसतो. आमच्यात जात नाही, हे आम्ही अभिमानाने सांगतो. फक्त चहा पिऊन झाला की कोणीतरी कप खाली ठेवत सहज विचारतं, "तुमचे मूळचे कोण?" मूळचे म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे. उत्तर ऐकून लोक मान हलवतात, आणि कधी कधी पुन्हा फोन येत नाही.

मला पाहायला चार जण आले. पहिल्याच्या आईने मला गीत म्हणायला लावलं. मी म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "आवाज चांगला आहे, पण नोकरी कशाला करायची?" दुसऱ्याला दुबईला जायचं होतं आणि नर्स हवी होती. लॅब टेक्निशियन म्हणजे नर्सच ना, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. तिसऱ्याच्या घरून ‘मूळचे कोण’नंतर काही कळलं नाही. चौथा चांगला होता. आम्हाला गच्चीवर बोलायला पाठवलं तेव्हा त्याने थेट सांगितलं, "माझं एका मुलीवर प्रेम आहे. घरी सांगायची हिंमत होत नाही. तुम्हीच नाही म्हणाल का?" मी म्हटले, "म्हणते." दोघं हसलो. खाली जाऊन मी नकार दिला. त्याची सुटका झाली आणि माझ्या नावावर ‘हिलाच कोणी पसंत पडत नाही’ हा शेरा कायमचा बसला. नकार देणाऱ्या मुलाला ‘चोखंदळ’ म्हणतात. मुलीसाठी तो शब्द कोणी वापरत नाही.

डोळे मिटलेले असताना

घरचा दबाव म्हटलं की लोकांना आरडाओरडा, मारहाण, खोलीत कोंडणं आठवतं. तसं ज्यांच्या वाट्याला येतं त्यांचं दुःख वेगळं आहे, मी त्याच्याशी तुलना करणार नाही. माझ्या घरात कोणी आवाज चढवत नाही. माझ्यासाठी प्रार्थना करतात.

दर शुक्रवारी कोणाच्या ना कोणाच्या घरी प्रार्थनासभा असते. सतरंजी अंथरतात, दोन गीतं होतात, वचन होतं, आणि मग एकेक जण मोठ्याने प्रार्थना करतो. आजारी माणसांसाठी, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी, पावसासाठी. मग आत्याबाईंचा आवाज येतो, "आणि हे बापा, आमच्या या लेकीसाठी, तिचं मन मऊ कर, तिचं वय तू जाणतोस..." माझं वय देव जाणतो, पण सभेतल्या ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळतं. भांडणात उलट उत्तर देता येतं, प्रार्थनेत देता येत नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात आणि शेवटी तुम्हालाही ‘आमेन’ म्हणावं लागतं.

यातली अडचण अशी की आत्या खरंच कळवळून मागते. तिच्या डोळ्यांत पाणी असतं. माझ्या बारावीच्या फीसाठी तिने स्वतःच्या बांगड्या मोडल्या होत्या. शत्रूचं ओझं झटकता येतं. बांगड्या मोडणाऱ्या बाईचं कसं झटकणार?

आमच्या घरात दोन शब्दांनी कुठलंही बोलणं संपवता येतं: प्रभूची इच्छा. स्थळ आलं तर ती प्रभूची इच्छा. मोडलं तरी तीच. मी नाही म्हटलं की मात्र तो माझा हट्ट असतो. मी एकदा आईला विचारलं, "आई, प्रभूची इच्छा माझ्या तोंडून कधीच कशी येत नाही गं?" ती भाजी निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या वयात मला हा प्रश्न सुचला असता तर तू नसतीस."

एकटी राहणाऱ्या बायका

ज्या पुस्तकावर आमचं घर उभं आहे, त्यात एकटं राहण्याबद्दल काय म्हटलंय हे मी नीट वाचलं आहे. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो त्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो अविवाहित राहणं चांगलं मानतो, स्वतः तसाच राहतो आणि लग्न न करणाऱ्यांना कमी लेखत नाही. आमच्याकडे लग्नाच्या उपदेशात पौल दर वेळी येतो. हा अध्याय मात्र मी मुलींच्या सभेत ऐकल्याचं आठवत नाही.

एकट्या ख्रिस्ती मराठी बायकांची परंपरा आपल्याकडे आहेच. पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई. तिने लग्न केलं नाही, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आईच्या बरोबरीने काम केलं आणि १९२१ मध्ये, आईच्या आधी, गेली. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पारशी ख्रिस्ती घरातल्या. ऑक्सफर्डला कायदा शिकणारी पहिली बाई. पडद्यातल्या बायकांच्या इस्टेटींचे खटले त्यांनी चालवले आणि अविवाहितच राहिल्या. आमच्या मंडळीतही अशा दोन वयस्क बायका होत्या, दोघी मिशनच्या दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. सगळे त्यांना मान द्यायचे.

पण नीट पाहिलं तर या सगळ्यांना एकटं राहण्याची परवानगी एका अटीवर मिळाली होती: सेवा. आयुष्य मोठ्या कामाला दिलं असेल तर बाई एकटी चालते. मी रोज साठ-सत्तर लोकांचं रक्त काढते, पण त्याला सेवा म्हणत नाहीत, पगार आहे ना. शिवाय मला एकटं राहण्याचं पाचारण वगैरे आलेलं नाही. मला संध्याकाळी कोणाशी तरी दिवसाबद्दल बोलायचं असतं. इतकी साधी गोष्ट ना त्यागात बसते, ना बायोडाट्यात.

आमच्या गावची बाई

बुलढाण्याच्या मुलींना शाळेत ताराबाई शिंदे नावापुरत्या भेटतात. त्या याच गावच्या. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येसाठी शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रं तिच्या निमित्ताने सगळ्याच बायकांच्या चारित्र्यावर तुटून पडली. ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. ते १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं. त्यांचं विचारणं असं होतं की जे दोष तुम्ही बाईला लावता, ते पुरुषांत नाहीत का? आणि बाई वाकडी पडली तर तिला तिथवर नेणारा कोण? पुस्तक पुढे जवळपास विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापून आणलं.

ॲप वापरायला लागल्यावर हे पुस्तक मी पहिल्यांदा नीट वाचलं. मंडळीतल्या दोन मुलांचे प्रोफाइल मला ॲपवर दिसले होते. त्याचा अर्थ मीही त्यांना दिसले. पंधरा दिवसांत माझं ॲपवर असणं तरुण संघात पसरलं. ती दोघं तिथे काय करत होती, हे कोणी विचारलं नाही. एक तर त्या रविवारी गिटार वाजवत होता. तेव्हा वाटलं, ताराबाई आज असत्या तर त्यांना नव्याने काही लिहावं लागलं नसतं, हेच पुस्तक पीडीएफ करून ग्रुपवर टाकलं असतं.

तो

तो ॲपवर भेटला नाही. रक्तदान शिबिरात भेटला. मी पिशव्यांवर चिठ्ठ्या लावत होते आणि तो तिसऱ्यांदा विचारत होता की बिस्किटाचा पुडा सगळ्यांना एकच का. मेहकरकडचा आहे, सरकारी नोकरीत आहे, बौद्ध आहे. नाव लिहिणार नाही.

बुलढाण्यात दोन माणसांनी भेटायचं कुठे, हा स्वतंत्र विषय आहे. पडदे लावलेल्या कॅफेंत मला जायचं नव्हतं. बागेत ओळखीची माणसं. पप्पा एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे जिल्ह्यातले निम्मे कंडक्टर मला त्यांची पोरगी म्हणून ओळखतात. तिकीट फाडताना विचारतात, "कुठं चालली बेटा? पप्पा बरे आहेत ना?" अशा जिल्ह्यात लपून काही करायला फार प्रतिभा लागते. आम्ही वेगवेगळ्या गाड्यांनी लोणारला जायचो. मी स्कार्फ बांधून, जो उन्हासाठी असतो असं सगळेच मानतात. सरोवराच्या काठावरून चालत बोलायचो. २०२० च्या जूनमध्ये त्या पाण्याचा रंग गुलाबी झाला होता तेव्हा अख्खं जग त्याचे फोटो बघत होतं. आम्ही गेलो तेव्हा पाणी नेहमीसारखं हिरवट होतं आणि आमच्याकडे कोणी बघत नव्हतं, हे बरंच होतं.

तिथे एकदा आम्ही पणज्यांबद्दल बोललो. त्याच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. माझ्या पणजीला त्याच्या अर्धशतक आधी दुष्काळात बाप्तिस्मा मिळाला. दोघांचे ‘मूळचे’ एकच. एकाच गावकुसाबाहेरची माणसं, दोन वेगळ्या वाटांनी बाहेर पडलेली. कोण जाणे, दोघांच्या पणज्यांना एकाच विहिरीवरून हाकललंही असेल. तो म्हणाला, "म्हणजे आपण जातीतच लग्न करतोय की." आम्ही खूप हसलो. घरी सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही.

पाणी आणि कागद

आमच्या पाळकसाहेबांचं म्हणणं सोपं होतं. मुलाने बाप्तिस्मा घ्यावा, मग मीच लग्न लावतो. घरच्यांना ही मधली वाट वाटली. थोडं पाणी, काही वचनं, आणि सगळं सुरळीत.

पण ते नुसतं पाणी नसतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही त्यात नाहीत. म्हणजे गावकुसाबाहेरची तीच माणसं बुद्धाकडे गेली तर तो दर्जा आहे, येशूकडे गेली तर नाही. त्याचं शिक्षण आणि नोकरी त्या दाखल्यावर उभी आहे. माझ्यासाठी त्याने बाप्तिस्मा घ्यायचा म्हणजे पायाखालची जमीनच पणाला लावायची. आणि विश्वासाशिवाय, केवळ लग्नासाठी घेतलेला बाप्तिस्मा मला तरी कशाला हवाय? तो आमच्या विश्वासाचाही अपमानच की.

त्याच्या आईची भीती याच्याच दुसऱ्या बाजूची. "मुलं चर्चात गेली तर?" तिच्यासाठी दीक्षा म्हणजे नवऱ्याकडच्या माणसांनी मान ताठ करून मिळवलेली गोष्ट. पुन्हा कोणासमोर गुडघे टेकायचे नाहीत, ही त्यांची शपथ. आमच्या घरात तर प्रार्थनाच गुडघ्यांवर होते. दोन्ही घरांची भीती खोटी नाही. म्हणून त्यांना ‘जुन्या विचारांचे’ म्हणून झटकून टाकणं मला जमत नाही.

कायद्यात दोन वाटा आहेत. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा. दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी त्याखाली लग्न होऊ शकतं, पण चर्चमध्ये ते लावायचं की नाही हे पाळक आणि मंडळीचे नियम ठरवतात. दुसरा १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात कोणालाच धर्म बदलावा लागत नाही. दोघांपैकी एक जण किमान तीस दिवस ज्या जिल्ह्यात राहत असेल, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कार्यालयात तीस दिवस लागते. आक्षेप कोणीही घेऊ शकतं, पण तो कायद्यातल्या अटींवरच: वय, आधीचं लग्न, मानसिक क्षमता, जवळचं नातं. धर्म वेगळा आहे, हा आक्षेप चालत नाही. मग तीन साक्षीदारांसमोर सही.

कागदावर हे स्वच्छ आहे. बुलढाण्यात मात्र तीस दिवस भिंतीवर लागलेली नोटीस म्हणजे तीस दिवसांची प्रार्थनासभा. मोठ्या शहरात त्या फलकाकडे कोणी पाहत नसेल. इथे आजूबाजूला चहा पिणारे लोक तो पेपरसारखा वाचतात.

जू

पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि पौलाचंच दुसरं पत्र काढलं. विश्वासी आणि अविश्वासी यांनी विजोड जुंपून घेऊ नये, असा त्याचा आशय. पप्पांचं लहानपण शेतात गेलेलं. ते म्हणाले, "एक बैल उंच, एक ठेंगणा असला की जू तिरकं बसतं. दोघांच्याही माना सोलून निघतात. मी पाहिलंय. मला तुझ्या मानेची काळजी आहे, लोकांची नाही."

इतकं खरं बोलणाऱ्या माणसाशी वाद घालताना घसा दाटतो. मी म्हटले, "पप्पा, तुम्ही ज्या चौघांना आणलंत ते सगळे विश्वासी होते. एकाने तरी विचारलं का, मला काय हवंय ते? हा विचारतो. उंची जुळते का ते मी चालून पाहिलंय, वर्षभर." ते काही बोलले नाहीत. उठून त्यांनी रेडिओ लावला.

आईला मी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण दिली. आमच्या कपाटात बायबलशेजारी ‘स्मृतिचित्रे’ असतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच होत्या. काही वर्षं ताटातूट झाली, पुन्हा संसार जुळला, आणि १९०० मध्ये स्वतःला पटल्यावर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. "म्हणजे दोन धर्मांचं घर आपल्यातही होऊन गेलंय," मी म्हटले. आई म्हणाली, "त्यांचं लग्न आधी झालं होतं." आईला वादात हरवणं सोपं नाही. पण त्या रात्री तिने पुस्तक कपाटातून काढलं आणि चष्मा लावून वाचत बसली. उशिरापर्यंत दिवा चालू होता.

सीबीसी, थायरॉइड

दोन महिन्यांपूर्वी लॅबमध्ये एक बाई आल्या. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. चिठ्ठीवर सीबीसी आणि थायरॉइड. मेहकरला लॅब असताना कोणी सीबीसीसाठी बुलढाण्याला येत नाही. फॉर्मवरचं आडनाव आणि गाव वाचलं आणि माझ्या लक्षात आलं. त्यांनीही ओळख दिली नाही.

"बसा काकू," मी म्हटले. दंडाला पट्टा बांधला, मूठ आवळायला सांगितली. त्यांची शीर बारीक होती, सापडेना. अशा वेळी घाई केली की दोनदा टोचावं लागतं. मी थांबले, बोटाने चाचपली, एकदाच सुई घातली. त्या सगळा वेळ सुईकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

कापसाचा बोळा दाबून धरत त्यांनी विचारलं, "रोज किती जणांचं काढतेस?"

"साठ-सत्तर."

"सगळ्यांचं लालच निघतं?"

"हो काकू."

त्या उठल्या. दारापर्यंत जाऊन वळल्या. "हात हलका आहे तुझा," एवढं म्हणाल्या आणि गेल्या. रिपोर्ट न्यायला मुलगा आला. मी त्याला सांगितलं, हिमोग्लोबिन कमी आहे, गूळ-शेंगदाणे द्यायला सांग. तो म्हणाला, "तूच सांग, आता ती तुझं ऐकेल."

हे वाचून कोणाला वाटेल की सगळं जुळत आलं. तसं नाही. त्या अजून हो म्हणालेल्या नाहीत. पप्पा माझ्याशी बोलतात, पण त्या विषयावर नाही. शुक्रवारी माझ्यासाठी प्रार्थना होतेच, फक्त आता त्यात ‘योग्य मार्ग दाखव’ असं असतं. धाकटीचं लग्न ठरलंय, मंडळीतल्याच मुलाशी, तिच्या पसंतीने. माझ्यामुळे तिच्या लग्नात कुजबुज नको म्हणून आईने मला थांबायला सांगितलं. ते मी मान्य केलं, कारण बहीण माझीही आहे.

माझ्यासारख्या कोणी हे फोनवर वाचत असाल, शेजारी आई बसलेली असताना स्क्रीन थोडी तिरकी धरून, तर मला जे उपयोगी पडलं तेवढं सांगते. पगार स्वतःच्या खात्यात ठेवा. कायदा कोणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतः वाचा, फार लांब नाही. घरातल्या एका माणसाला तरी खरं सांगून ठेवा. समोरच्याने तुमच्यासाठी धर्म बदलावा असं कोणी सुचवलं तर त्यात त्याचं काय काय जातं, याचा हिशोब आधी मांडा, आणि तुम्हाला तसं सुचवलं तर तुमचाही. आणि तुमच्यासाठी रडणाऱ्या माणसाचं ऐकून घ्या, पण तो रडतोय म्हणून सही करू नका.

विशेष विवाह कायद्याच्या नोटिशीचा फॉर्म मी भरून ठेवलाय. पत्ता बुलढाण्याचाच टाकलाय. पुण्याला महिनाभर राहून तिथे नोटीस देता आली असती, मैत्रिणीने खोलीही बघून दिली होती. पण मला माझ्याच गावाच्या भिंतीवर नाव लागलेलं हवंय, पप्पांच्या ओळखीच्या सगळ्या कंडक्टरांनी वाचलं तरी. धाकटीचं लग्न मे महिन्यात आहे. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी, उपासना संपल्यावर, तो आमच्या घरी येणार आहे. पप्पांना तसं सांगितलंय. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, "मेहकरहून सकाळच्या गाडीने येईल का दुपारच्या?"